ब्रेकचं तेल बदललं तो रविवार

'चालकाचा ताबा सुटल्याने जीप रस्त्याकडेला बसलेल्या महिलेवर गेली. महिलेच्या पायाला गंभीर दुखापत झाली असून चालकाविरुद्ध गुन्हा नोंदवण्यात आला आहे.'

ही दोन वाक्यं मी लिहिली आहेत. ठाण्याच्या एका दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो. संध्याकाळी मुरबाडच्या वार्ताहराचा फोन आला. पोलिसांनी त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढं त्याने मला सांगितलं: माळशेज घाटाचा पायथा, डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीची जीप, करवंदं विकणारी बाई, पाय मोडला. चालकाचं नाव त्याने घेतलं नव्हतं, मी विचारलं नाही. पाचव्या पानावर तीन ओळींची जागा रिकामी होती, ती भरली. 'ताबा सुटल्याने' हे शब्द लिहिताना हात थांबत नसे. वर्षभरात मी ते शंभर वेळा तरी लिहीत असेन. ताबा कोणाचा, कशावरचा, आणि तो सुटला हे कोणी पाहिलं, असं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

डोंबिवलीत मी दादाच्या घरी राहायचो. दोन खोल्या, दादा, वहिनी आणि मी. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तो सतरा वर्षं ड्रायव्हर होता. त्या रात्री तो घरी आला नाही. सकाळी सातला आला तेव्हा शर्टावर धूळ होती आणि हातात आमचाच अंक. स्टेशनवर विकत घेतलेला. पाचवं पान वर करून त्याने घडी घातली होती.

"हे कोणी लिहिलं?"

मी सांगितलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने अंक टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "अरे, ताबा होता रे माझा. ब्रेक नव्हता."

दादाकडे असलेली जीप कंपनीने लष्कराच्या लिलावातून घेतली होती. चारही चाकांना ओढ असलेली, चिखल-दगड न बघता चढणारी. घाटापलीकडे कंपनी नवा प्लांट उभारत होती. तिथे धड रस्ता नव्हता, म्हणून ही जीप. त्या दिवशी तो दोन अधिकारी आणि सामान घेऊन घाट उतरत होता. पुढे एक लादलेला ट्रक होता, ओव्हरटेक करायला जागा नव्हती. गाडी खालच्या गियरमध्ये होती, तरी ट्रकच्या मागे राहायचं तर ब्रेकवर पाय ठेवावा लागत होता. पायथ्याशी आल्यावर त्याने पाय दाबला आणि पेडल पायाखालच्या फळीला टेकलं. काहीच लागलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा फळी. हँडब्रेक ओढला, तो सहा महिने नावालाच होता. समोर बाजाराच्या दिवसाची माणसं. त्याने गाडी डावीकडे मुरमाच्या ढिगात घातली. ढिगाच्या कडेला ती बाई टोपली घेऊन बसली होती. बाकीची माणसं वाचली, तिचा पाय चाकाखाली आला.

तिला उचलून दुसऱ्या जीपमध्ये ठेवताना ती दादाला म्हणाली, "गाडीला बिरेक नव्हता का रं दादा?"

त्या सगळ्या प्रकरणात योग्य प्रश्न एवढा एकाच व्यक्तीने विचारला. नंतर पोलीस, कंपनी, आरटीओचे निरीक्षक, चौकशी अधिकारी आणि मी, आमच्यापैकी एकानेही तो तसा विचारला नाही.

हवालदार आला तो पाऊण तासाने. त्याने जीपमध्ये बसून पेडल दाबलं. पेडल लागलं, चांगलं कडक लागलं.

"ब्रेक नव्हता म्हणतोस? हा काय मग? लागतोय की."

"मघाशी नव्हता लागत, साहेब."

"मघाशी तू कुठे बघत होतास?"

दादाने स्वतः दाबून पाहिलं. पेडल खरंच लागत होतं. असं का व्हावं हे त्याला कळेना, आणि तिथून त्याचा आवाज बसला. सतरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आपल्याच पायाची शंका आली.

पंचनामा झाला. चौकीसमोर गाडी ठेवायला जागा नव्हती. निरीक्षक तपासणी करतील तोवर जीप कंपनीच्या आवारात ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. निरीक्षक सोमवारी येणार होते.

आता वसाहतीतली एक रीत सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या इथे 'साहेब येणार' म्हटलं की सगळी कंपनी कामाला लागायची. साहेब कारखाना खात्याचे असोत, पाण्याचे नमुने घेणारे असोत की आरटीओचे, फरक नव्हता. गटारं उपसली जायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारल्या जायच्या. गळकी पिंपं मागच्या भिंतीला लावून त्यांच्यावर ताडपत्री पडायची. कामगारांना हातमोजे वाटले जायचे आणि साहेबांची गाडी गेटबाहेर पडली की परत गोळा व्हायचे. त्या दिवशी प्लांट हळू चालवायचे, म्हणजे वास कमी येई. यात फसवणूक आहे असं कोणालाही वाटत नसे. पाहुणे येण्याआधी घर आवरावं, इतक्या सहजपणे ते व्हायचं. साहेबाला आहे ते दाखवणं म्हणजे कंपनीची अब्रू काढणं. दादाने सतरा वर्षं हेच केलं होतं, आणि ते नीट केल्याचा त्याला अभिमान होता.

शनिवारी वाहतूक सुपरवायझरने त्याला बोलावलं.

"सोमवारी साहेब येतायत. गाडी टकाटक करून ठेव. कुठे नाव ठेवायला जागा नको."

रविवारी सकाळी दादाने मला उठवलं. "चल, एअर काढायची आहे. एकट्याने होत नाही."

ब्रेकची एअर, म्हणजे तेलाच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायला दोन माणसं लागतात. एक वर बसून पेडल मारतो, दुसरा चाकाजवळ आडवा होऊन निपल, म्हणजे तेल सोडायची छोटी तोटी, उघडतो. हे काम मी त्याच्याबरोबर पूर्वी केलं होतं. कंपनीच्या गेटवर रविवारचा एकच वॉचमन होता. दादाने त्याला सुपरवायझरचं नाव सांगितलं, त्याने आत सोडलं.

त्या जीपला ब्रेक तेलाची टाकी फळीखाली असते. दादाने मॅट उचललं, पत्र्याचे स्क्रू काढले, टाकीचं झाकण उघडलं. आतलं तेल कडक चहासारखं होतं. गाडीच्या नोंदवहीत 'ब्रेक ऑइल बदलणे' असं त्याने पावसाळ्यापासून चार वेळा लिहिलं होतं. चारही वेळा सुपरवायझरची सही होती, तेल मिळालं नव्हतं. त्या रविवारी मात्र स्टोअरमधून तेल मिळालं होतं. साहेब येणार होते.

दादा मागच्या डाव्या चाकाशी आडवा झाला. टाकीपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, हा नियम. दवाखान्यातून आणलेली सलाइनची नळी त्याने निपलवर चढवली, दुसरं टोक काचेच्या बाटलीत सोडलं. मी वर बसलो.

"मार."

मी पेडल मारलं. एक, दोन, तीन.

"धर."

"धरला."

त्याने पाना फिरवला. पायाखालचं पेडल हळूहळू खाली गेलं आणि नळीतून काळपट तेल बाटलीत आलं, मध्ये मध्ये बुडबुडे.

"आता सोडू नकोस. निपल बंद होईपर्यंत पाय उचललास तर हवा परत आत जाईल."

"माहितीये."

"माहितीये म्हणतोस आणि गेल्या वेळी सोडलास. आता सोड. मार. अरे जोरात मार ना, प्रेसमध्ये खुर्चीत बसून पाय गेले का तुझे?"

"टाकीत तेल आहे का बघ आधी. टाकी कोरडी पडली तर सगळं पहिल्यापासून."

"बघ, शिकलास."

त्या दोन तासांत तो चार दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा बोलला. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. प्रत्येक चाकाला नळीतलं तेल आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ पिवळसर. स्वच्छ तेल आलं की तो खालून म्हणायचा, "हं, निघालं सोनं." शेवटी मी पेडल दाबलं, ते दगडासारखं कडक. दादाने स्वतः बसून दाबलं, दोनदा, तीनदा. चेहरा खुलला. "आता बघू दे साहेबाला. गाडी कशी ठेवतो ते कळू दे त्याला."

बाटली काळ्या तेलाने जवळजवळ भरली होती. "हे कुठे टाकू?" मी विचारलं.

"मागच्या गटारात."

सगळं मागच्याच गटारात जायचं. मी बाटली ओतली, गटाराच्या पाण्याने विसळली आणि भिंतीवर पालथी ठेवली. दादाने पंपावर हात धुतले आणि सवयीप्रमाणे वहीत लिहिलं: 'ब्रेक ऑइल बदलले. चारही चाकांची एअर काढली.' खाली सही आणि तारीख.

सोमवारी निरीक्षक आले. त्यांनी चहा घेतला, पेडल दाबलं, आवारात दहा फूट गाडी चालवून थांबवली आणि लिहिलं की ब्रेक कार्यक्षम आहेत. यांत्रिक बिघाड आढळला नाही. यांत्रिक बिघाड नाही, तर मग चालक.

मंगळवारी मी विठ्ठलवाडीला एका मेकॅनिककडे गेलो. दादाच्या ओळखीचा, वयस्क, जीपची कामं करणारा. घाटात पेडल फळीला टेकलं आणि पाऊण तासाने परत लागलं, एवढं मी सांगितलं. तो ज्या गाडीखाली होता तिथूनच बोलला.

"तेलात पाणी. उघडं ठेवलं की हे तेल हवेतलं पाणी पितं. आपल्याकडची हवा म्हणजे काय, पाणीच. घाटात चाकातले ड्रम तापले की तेल तापतं, पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाय. थंड झालं की वाफेचं परत पाणी. ब्रेक परत ओके." मग तो बाहेर सरकला. "जुनं तेल आणलंयस?"

"नाही."

"कुठंय?"

"टाकलं. रविवारी नवीन घातलं."

त्याने पाना खाली ठेवला. "कोणी घातलं?"

"आम्ही."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून साक्षीदार गटारात टाकला," तो म्हणाला. "सगळी वाफ त्याच तेलात होती. आरटीओला ते दाखवायचं सोडून तुम्ही गाडीचा मेकअप केला? हसू का रडू रे मी?"

तो हसला नाही. त्याने विचारलं, नवीन तेल सीलबंद डब्यातलं होतं का? मला आठवलं. स्टोअरमधला डबा मोठा होता, अर्धा भरलेला, आणि झाकणाच्या जागी चिंधी खोचलेली होती.

घरी त्या तेलातलं थोडं शिल्लक होतं. दादाने ते औषधाच्या बाटलीत आणून ठेवलं होतं, पुढे टाकीत वरून घालायला लागेल म्हणून. मी बाजारातून एक छोटा सीलबंद डबा घेतला. मेकॅनिकने सांगितल्याप्रमाणे दोन्ही तेलं थोडी थोडी गॅसवर तापवायची होती.

"माझी पळी त्याला मिळणार नाही," वहिनी म्हणाली. "विष आहे ते. तुझा दाढीचा वाडगा घे."

"वाडगा प्लॅस्टिकचा आहे, वहिनी."

"मग ह्यांच्या कंपनीचा मोमेंटो घे. सतरा वर्षांत तेवढंच दिलंय त्यांनी. पितळेचा आहे, तापेल."

मोमेंटो तापवला नाही. मूठ तुटलेला एक जुना तवा सापडला. सीलबंद डब्यातलं तेल त्यावर शांत राहिलं, बराच वेळ नुसतं तापलं. स्टोअरमधलं तेल मिनिटभरात तडतडलं आणि उडायला लागलं, फोडणीत ओलं पान टाकावं तसं. वहिनीने गॅस बंद केला, खिडकी उघडली. दादा दारात उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे परवा हेच घातलं आपण?"

हो. जुनं पाणी काढून आम्ही नवं पाणी भरलं होतं. आणि आता ती जीप दुसरा ड्रायव्हर घेऊन घाटात जाणार होता. दादाने त्याच संध्याकाळी जाऊन सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, तू आता गाड्यांचं बोलू नकोस. दोन दिवसांनी स्टोअरमधला डबा नाहीसा झाला आणि तिथे चार छोटे सीलबंद डबे आले.

कंपनीच्या चौकशीच्या नोंदीची प्रत दादाला मिळाली. ती माझ्याकडे आहे. चौकशी कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने केली. त्यातला एक भाग आहे तसा देतो.

प्रश्न: अपघातानंतर तुम्ही गाडीचं ब्रेक ऑइल बदललं, हे खरं का?
उत्तर: होय.
प्रश्न: गाडीला हात लावायचा नाही हे तुम्हाला माहीत होतं?
उत्तर: होय.
प्रश्न: मग का बदललं?
उत्तर: साहेब येणार होते म्हणून.
प्रश्न: पुरावा नाहीसा करायला?
उत्तर: नाही. गाडी चांगली दिसावी म्हणून.
प्रश्न: कोणी सांगितलं?
उत्तर: सुपरवायझरनी. टकाटक कर म्हणाले.

त्यापुढे सुपरवायझरचा जबाब आहे. 'मी गाडी धुऊन-पुसून ठेवण्यास सांगितले. ब्रेक उघडण्यास सांगितलेले नाही.' हे अक्षरशः खरं आहे. तो ब्रेक उघड म्हणाला नव्हता. मोजे वाट, पिंपं झाक, हेही तो कधी तोंडाने म्हणत नसे. ते सगळ्यांना कळायचं.

दादाने औषधाची बाटली टेबलावर ठेवली. अधिकाऱ्याने विचारलं, हे तेल अपघाताच्या वेळी गाडीत होतं का? दादा म्हणाला, नाही, ते टाकलं. नोंदीत पुढचं वाक्य आहे: 'सबब सदर बाटली ग्राह्य धरता येत नाही.' वहीतल्या चार मागण्या त्याने दाखवल्या. त्यावर उत्तर मिळालं की शेवटच्या नोंदीनुसार तेल बदलण्यात आलेलं आहे, म्हणजे मागणी पूर्ण झाली आहे.

आणि जोडपत्र म्हणून शेवटी एक कात्रण टाचलेलं आहे. पाचवं पान, तीन ओळी. 'चालकाचा ताबा सुटल्याने.' वृत्तपत्रानेही तसंच म्हटलं आहे, असा निष्कर्षात उल्लेख आहे.

मी संपादकांकडे खुलाशाची बातमी घेऊन गेलो. ते म्हणाले, "भाऊ आहे तुझा. आपण छापली तर लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, पहिली बातमी भावाचीच होती, ती तर छापली. ते म्हणाले, तेव्हा तुला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत नसताना लिहिलेलं चाललं आणि माहीत झाल्यावर लिहिलेलं चालेना. मी तो कागद परत घेतला. त्यानंतर त्या दैनिकात मी आठ वर्षं काढली. 'ताबा सुटल्याने' हे शब्द कोणाच्याही बातमीत आले की मी खोडायचो आणि वार्ताहराला फोन करून विचारायचो, ब्रेक तपासला का? बहुतेक वेळा कोणी तपासलेला नसे. मग मी लिहायचो, 'कारण समजू शकले नाही.' सहकारी वैतागायचे, जागा जास्त जाते म्हणायचे. जाऊ दे.

बाईचा पाय सांधला, पण आखूड राहिला. पोलीस केस दोन वर्षं चालून दंडावर सुटली. दादाला ड्रायव्हरच्या जागेवरून काढून स्टोअरमध्ये मदतनीस म्हणून टाकलं. पुढे त्याने कंपनीची गाडी चालवली नाही. रिक्षात बसला तरी उतारावर त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा. मी शेजारी बसून ते बघायचो.

स्टोअरमध्ये तीन वर्षं झाली तेव्हा कारखाना खात्याचे साहेब येणार असल्याचा निरोप आला. सुपरवायझर तोच होता. त्याने दारातून सांगितलं, "स्टोअर झाडून घे. उघडे डबे मागे लाव. टकाटक पाहिजे."

दादा म्हणाला, "नाही करणार."

"काय?"

"आहे तसं बघू दे साहेबाला."

त्याने चिंधी खोचलेले सगळे डबे उचलून पुढे, काउंटरवर आणून ठेवले. ग्रीसचे, थिनरचे, ॲसिडचे. साहेब दारापर्यंत आले, आत आले नाहीत, चहाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी दादाला मेमो मिळाला: वरिष्ठांच्या सूचनेचं पालन न करण्याचं कारण काय, याचा लेखी खुलासा करावा.

त्याने तो मेमो घरी आणून माझ्यापुढे टाकला. "लिही. तुझं काम आहे ते."

मी दीड पान लिहिलं. गटारं, मोजे, चिंधी, घाट, बाई, रविवार, सगळं क्रमाने. दादाने ते वाचलं, परत दिलं, स्वतः पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर तीन शब्द लिहून खाली सही केली.

'आहे तसे ठेवले.'